आठ हातांचा मांडव

वसमत, ८ एप्रिल २०२५

जबीन,

सलाम. अक्षर ओळखलंस ना? नसेल तर सांगते, मी आपा. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, त्याला तीन वर्षं होत आली, म्हणून कागदावर लिहितेय. यास्मीन याचा फोटो काढून तुला पाठवेल. तिनं आधीच बजावलंय की पत्र पोचवीन, पण तुम्हा दोघींच्या मध्ये पडणार नाही. पोरगी माझी आणि वकिली खालाची.

घरात आपण दखनीत भांडायचो आणि लिहायची वेळ आली की मराठी, कारण छड्या खाल्ल्या त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. म्हणून हे मराठीत.

मुद्द्यावर येते. परवा यास्मीन जेवताना म्हणाली, खाला फ्रान्सला चाललीय, जुन्या मोटारींची शर्यत बघायला. जर्मनीतनं निघणार, रस्त्यानं जाणार. सात माणसं, दोन गाड्या, मुक्काम तंबूत. मी घास हातात धरून विचारलं, आणखी काय म्हणाली? तर म्हणे, नानांच्या जीपला जो मांडव बांधायचे तो मधे खांब नसताना उभा कसा राहायचा, ते अम्मीला विचार. पण मी विचारलंय म्हणून सांगू नको.

सांगू नको म्हणे! अब्बांचा मांडव तुला आठवला आणि त्यातलं कळतं कोणाला, तर मला, हेही तुला आठवलं. मी दोन दिवस खूश आहे, खोटं कशाला बोलू.

तर ऐक. तो उभा राहायचा दोरीवर. एक बाजू जीपच्या कॅरिअरला आकड्यांनी अडकवायची, दुसरी दोन बांबूंवर, आणि कापडाच्या दुमडीत चारी बाजूंनी दोरी ओवलेली. ती ताणली की मधे खांब लागत नाही. पण हे वाचून तुला जमायचं नाही. मी शिवून पाठवते. तिकडे दुकानात तयार तंबू मिळतात हे मला माहीत आहे, मिळू देत. यास्मीनचे वडील गेल्यापासून सोळा वर्षं मी अब्बांच्या घरी बसून ताडपत्र्या शिवतेय. अख्ख्या तालुक्याची हळद झाकते, तर सात माणसं झाकता येणार नाहीत?

त्या दुसऱ्या गोष्टीवर मी काही लिहिणार नाही. जे होतं ते तेव्हाच सांगितलं. अब्बांनीच मला बजावलं होतं, जबीनला आजारपण कळवू नको, तिची परीक्षा आहे. तुला पटलं नाही, त्याला माझा इलाज नाही. गाडीची उंची कळव.

आपा

१९ एप्रिल

जबीन,

यास्मीननं सांगितलं, उंची दोन मीटर आणि वर थोडी. एवढंच. ना सलाम, ना दुआ. चालेल. उंची तर आली.

आता मला काही विचारायचंय, आणि उत्तर यास्मीनमार्फत दिलंस तरी चालेल. मुक्कामाच्या जागी पुढे कोण जातं? अब्बा भावसिंगकाकांना सायकलवर पुढे पाठवायचे, पाणी कुठे आणि सावली कुठे ते बघायला, मग आपली जीप निघायची. तुमच्यात हे काम कोणाकडे? स्वयंपाक सातांचा एकत्र, की जो तो आपलं डबडं उघडतो? संडासाचं काय? हसू नको, मला खरंच कळत नाही. शर्यत एक दिवस आणि एक रात्र चालते म्हणे, मग ड्रायव्हर झोपतो कधी? आणि तुमच्या दोन गाड्यांतली ती जर्मन म्हाताऱ्याची व्हॅन, जी तुझ्या जन्माच्या आधीची आहे, ती तिथपर्यंत पोचणार याची खात्री कोणी दिली? त्याला विचार, रेडिएटरचं पाणी बघतो का.

दुकानात माझ्याबरोबर ताडपत्रीच्या भोकांना रिंगा मारायला शिवकन्या येते. तिचे आईबाप मेंढरं घेऊन फिरणारे. तिला तुझं सांगितलं तर म्हणाली, "आपा, घर सोडून मातीत निजायला एवढ्या लांब काहून चालले ते? माझी माय सहा महिने तशीच निजायची, तिला कुणी बघाया न्हाई आलं." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "वाऱ्याकडं पाठ करून बसा म्हणावं, अन् चूल खालच्या अंगाला मांडा." तिचा निरोप पोचवला.

अब्बांच्या गॅरेजातलं ते कॅलेंडर आठवतं? ऑइल कंपनीचं, वर्ष संपून गेलं तरी भिंतीवरून निघालं नाही. रस्त्याच्या एका कडेला गाड्या ओळीनं उभ्या आणि दुसऱ्या कडेनं ड्रायव्हर जिवाच्या आकांतानं पळत येतायत. अब्बा सांगायचे, ही फ्रान्सातली शर्यत, इथे आधी माणूस पळतो मग गाडी. तू सहा वर्षांची होतीस. गल्लीच्या पलीकडून पळत यायचीस आणि जीपमध्ये उडी मारायचीस, अब्बा हातातला पाना सोडून आकडे मोजायचे. मला कधी पळायला सांगितलं नाही. मी सोळा वर्षांची घोडी, मला म्हणायचे चहा आण. तू ज्या शर्यतीला चाललीयस ती हीच का?

मांडवाचं माप सापडलं. अब्बांच्या हत्यारांच्या पेटीत, तळाला, उर्दूत लिहिलेली चिठ्ठी. लांबी आठ हात, रुंदी पाच हात, कॅरिअरकडे अर्धा हात जास्त. अब्बांना फूट आणि मीटर कधी पटलेच नाहीत. बाजारात दोरीवाला त्यांना बघून तोंड फिरवायचा, आठवतं ना? दोरी हातानं मोजून विकायची, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आणि अब्बा म्हणायचे, "माझ्या हातानं मोज." दोरीवाला म्हणायचा, "मिस्त्री, तुमच्या हातानं इकलं तर माझं दुकान बसंल."

आपा

३ मे

जबीन,

शर्यत हीच आहे, हे कळलं. आणि पळायची पद्धत आता आहे का नाही, ते तिथे गेल्यावर बघून सांगते, असं तू म्हणालीस म्हणे. 'सांगते' म्हणालीस की 'कळेल' म्हणालीस, यावर मी यास्मीनला तीनदा छेडलं. ती चिडली.

इकडे अवकाळीनं धुमाकूळ घातलाय. लोकांची शिजवलेली हळद उघड्यावर वाळत पडलेली आणि रोज दुपारी आभाळ भरून येतं, त्यामुळे दुकानासमोर रांग आहे. सगळ्यांना ताडपत्री आजच पाहिजे. मी तुझा मांडव मशीनखाली घेऊन बसले की गिऱ्हाईक विचारतं, ही कोणाची? शिवकन्या म्हणते, "फ्रान्सची." काल एकजण म्हणाला, "तिकडं बी हळद व्हती का?"

कापड जाड घेतलंय, हिरवं. चारी बाजूंची दुमड घालून झाली, दोरी ओवून झाली, एका हातावर एक अशा पितळी रिंगा बसवल्या. रोज फुटानं शिवणारी मी, पण हे सगळं हातानं मोजलं, चिठ्ठीत जसं आहे तसं. पसरून बघितलं तर मला वाटला त्यापेक्षा लहान वाटला. मग म्हटलं, तेव्हा आपण लहान होतो, त्याखाली सगळं मोठंच वाटणार. सिद्धेश्वरच्या धरणावर त्याच्याखाली आपण, भावसिंगकाकांच्या घरचे सगळे आणि त्यांची शेळी इतके मावायचो.

तुझा रस्ता यास्मीनच्या जुन्या भूगोलाच्या नकाशात शोधला. तुझं गाव त्यात नाहीच, म्हणून पेनानं टिंब केलं. तिथून बोट फिरवत फ्रान्सपर्यंत गेले. हे मला जमतं. अब्बांच्या त्या दिवसांत मी रोज हाच नकाशा काढून बसायची.

का ते असू दे. दोन मुक्काम करणार आहात ते कुठे, हे कळव. मला टिंब करायचंय.

आपा

१४ मे

जबीन,

फजिती झाली. हस.

मांडव तयार झाला म्हणून काल यास्मीनला घेऊन भावसिंगकाकांच्या शेतावर गेले. अब्बांची जीप आता त्यांच्याकडेच आहे, तुला माहीत नसेल. रंग उडालाय, पण हॉर्न तोच. म्हटलं तिलाच बांधून बघू. आकडे अडकवले, बांबू रोवले, दोरी ताणली. मांडव जीपच्या मधल्या भागापुरताच दिसत होता. पुढचं चाक उघडं, मागचं चाक उघडं, आणि खाली आम्ही तिघं बसलो तर काकांचे पाय उन्हात.

मी चिठ्ठी काढून परत वाचली. आठ हात. मी म्हटलं, आठच आहेत, मोजून घ्या. आणि कोपर टेकवून मोजायला लागले. काका बघत राहिले, मग हसायला लागले ते हसतच राहिले. म्हणाले, "पोरी, मिस्त्रीचा हात केवढा व्हता! तुझा कुठं तेवढा? तू तुझ्या हातानं मिस्त्रीचा मांडव शिवून राहिली व्हय?"

बाजारात जो अब्बांच्या हातानं मोजू द्यायचा नाही त्या दोरीवाल्याची गोष्ट मीच तुला लिहिली, जबीन, आणि मीच विसरले. माझा हात अम्मीचा, आखूड. मापात लांबीलाच अडीच फूट गेले.

काका म्हणाले, टेप घे आन् फुटात मोज, कशाला खटाटोप. बरोबर आहे त्यांचं. पण अब्बांच्या हाताएवढा हात अजून एकीचा आहे, तुझा. तुझ्या शाळेच्या शर्टाच्या बाह्या दर वर्षी मनगटाच्या वर जायच्या आणि अम्मी म्हणायची, ही मिस्त्रीवर गेली. तर कोपरापासून मधल्या बोटापर्यंत मोज आणि कळव. मी एक बाजू उसवून ठेवते, तेवढा जोड लावीन. यास्मीन म्हणाली, मीच विचारते फोनवर. मी नको म्हटलं. हे तू मला कळव.

निघताना काकांनी आणखी एक गोष्ट विचारली. "मिस्त्रीला शेवटी भेटाया आलो तवा मला म्हणले, धाकटी येऊन राहिली. मंग ती काहून आली न्हाई?" यास्मीन माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, उशीर होतोय, निघू.

आपा

१६ मे

जबीन,

हे पत्र यास्मीनला वाचू दिलंय. तिनं वाचूनच फोटो काढलाय.

अब्बांनी तुला कळवू नको असं कधीच म्हटलं नव्हतं. दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी ते म्हणाले, "जबीनकू बुलाव." मी म्हटलं, हो, केला फोन. केला नव्हता.

एकवीस दिवस तुझा फोन यायचा आणि मी तो घेऊन बाहेर जायची. झोपलेत. नमाजला गेलेत. भावसिंगकाकांकडे गेलेत. गुरुवारी ते गेले, सोमवारी तुझी परीक्षा झाली, आणि सोमवारी संध्याकाळी मी तुला सांगितलं. वर हेही सांगितलं की त्यांचीच तशी इच्छा होती. मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं घातलं, म्हणजे त्यांना कोणी विचारायला जाणार नाही.

परीक्षेचं कारण खरं होतं, पण अर्धं. तू नापास झालीस तर नर्सची नोकरी जाईल, परत यावं लागेल, हे मला वाटायचं. उरलेलं अर्धं आजवर मी कोणालाच बोलले नाही. पथ्याचं मी करायची, पाठ मी पुसायची, कपडे मी बदलायची, आणि दार वाजलं की ते तुझं नाव घ्यायचे. मला राग यायचा. आजारी माणसाचा राग यायचा, जबीन. मला वाटायचं तू आलीस की ते माझ्याकडे बघणार पण नाहीत, हे थोडे दिवस तरी माझे असू देत. डॉक्टर म्हणाले होते महिनाभरात उठून बसतील. मी ठरवलं होतं, उठून बसले की तुला सांगीन आणि त्यांनाही सांगीन, दोघांच्या शिव्या खाईन.

माफ कर असं मी लिहू शकते, पण तू ते करावंस असं मला म्हणता येत नाही.

हाताचं माप नाही पाठवलंस तरी तुझं उत्तर मला कळेल.

बिलकीस

३० मे

जबीन,

चौदा दिवस झाले. यास्मीन म्हणते तू पत्र वाचलंस. पुढे काही सांगत नाही, आणि माझ्याशीही कामापुरतंच बोलते. तिला मी चूक म्हणत नाही.

मांडव दुकानात उसवलेल्या बाजूनं पडून आहे. दोरीचं टोक बाहेर लोंबतंय. शिवकन्येनं आज विचारलं, "फ्रान्सवाल्यांनी ऑर्डर मोडली का आपा?" मी म्हटलं, माप यायचंय. ती म्हणाली, "मंग आपल्याच अंदाजानं लावा की जोड." अंदाजानं लावता येतो. मी लावणार नाही. आयुष्यात मी तुझ्याऐवजी एकदा ठरवलंय, तेवढं पुरे.

पार्सल दहा जूनच्या पुढे गेलं तर शर्यतीच्या आधी पोचणार नाही, असं पोस्टातला बाबू म्हणाला. हे तुला घाई करायला लिहीत नाही. नाही, घाई करायलाच लिहितेय.

तुम्ही तंबू विकत घेतला का? घेतला असेल तर त्याला दुमडीत दोरी आहे का, एवढं बघ. नसेल तर वारं सुटल्यावर धरून बसायला लागेल.

आपा

१० जून

जबीन,

ईदच्या आदल्या दिवशी पोस्टमननं पाकीट दिलं. जर्मनीचं तिकीट. मी ते उघडलं नाही, आधी हात धुऊन आले.

आत दवाखान्यातल्या पांढऱ्या पट्टीचा तुकडा, नीट गुंडाळलेला. एका टोकाला निळ्या पेननं 'कोपर', दुसऱ्या टोकाला 'बोट'. मी तो माझ्या हातावर धरला. चार बोटं पुढे गेला. अब्बांच्या चिठ्ठीवर ठेवला, मग उगीच डोक्याला लावला, मग शिवकन्या बघतेय म्हणून मशीनवर बसले.

सणाच्या दिवशीसुद्धा दुपारून दुकान उघडून जोड लावला. यास्मीननं दोरी ओवायला मदत केली. काल परत काकांच्या शेतावर जाऊन जीपला बांधला. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत बराबर आला, आणि काका मुद्दाम पाय पसरून बसले तरी सावलीत. म्हणाले, "आता हाय मिस्त्रीचा." आज सकाळी पार्सल गेलं. बांबू पाठवता येत नाहीत, ते तिकडे बघ. जोडाची शिलाई दुहेरी आहे, उसवणार नाही. मांडवाचं तोंड रस्त्याकडे करू नको आणि पहिला चहा गाडी चालवणाऱ्याला. म्हाताऱ्याला सांग, रेडिएटर.

ड्रायव्हर अजून पळत जातात का, ते बघ. मला खरंच जाणून घ्यायचंय.

पाकिटाच्या आतल्या बाजूला तू एक ओळ लिहिली होतीस, ती मला काल दिसली. 'ते विचारायचे तेव्हा तू काय सांगायचीस?'

सांगते.

पहिल्या दिवशी म्हटलं, तिकीट काढतेय. मग म्हटलं, निघाली. पण तुला अब्बा माहीत आहेत, रस्ता कळल्याशिवाय त्यांना प्रवास पटायचा नाही. रोज विचारायचे, "कहाँ तक आई?" म्हणून मी यास्मीनचा नकाशा बघून ठेवायची. विमानतळावर बसलीय. दुबईला उतरली. मुंबईला आली, आज तिकडेच मुक्काम. रेल्वेत बसली. पूर्णेला गाडी बदलतेय. असे तुला एकवीस दिवस लागले, आणि एवढा वेळ विमानाला कसा लागतो, हे आयुष्यभर गाड्या चालवलेल्या त्या माणसानं मला एकदाही विचारलं नाही.

गुरुवारी दुपारी परत म्हणाले, "कहाँ तक आई?" मी म्हटलं, गल्लीच्या तोंडाशी आलीय, अब्बा. पळत येतेय.

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि हात लांब केला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी माझा दिला.

त्यांनी बोटं माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत नेली, सावकाश. त्यांना कळलं असणार, जबीन. माझा हात आखूड आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

पण त्यांनी तो सोडला नाही.

तुझी आपा